आशिया खंडात पाचवा

म्हाळू ओव्हाळ बँकॉकहून दौंडला परतला तेव्हा १९७० सालचा डिसेंबर संपत आला होता. अंगात निळा ब्लेझर होता, त्याच्या खिशावर भारताचं चिन्ह शिवलेलं होतं. गाडी दौंडात शिरायच्या आधीच त्याने तो काढून पिशवीत कोंबला. पण फलाटावर लोको शेडमधले सोबती हार घेऊन उभे होते. "आरं, कोट कुठाय? कोट घाल की!" म्हणून त्यांनी गिल्ला केला आणि त्याला चुरगळलेला ब्लेझर पुन्हा अंगात घालावा लागला.

म्हाळू सव्वीस वर्षांचा होता. शेडमध्ये खलाशी होता. इंजिनाच्या भट्टीतली राख ओढायची, चाकाखालच्या खड्ड्यात उतरून पुसापुशी करायची, हे त्याचं काम. ड्यूटीच्या आधी रोज पहाटे तो मनमाडच्या लाइनीकडेच्या पायवाटेने पळायचा. सोलापूरला रेल्वेच्या स्पर्धा झाल्या तेव्हा एका साहेबाच्या नजरेत भरला, तिथून रेल्वेच्या संघात गेला आणि दोन वर्षांनी पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात. राहू गावच्या बौद्धवाड्यातला, लोकांच्या रानात खुरपायला जाणाऱ्या साळूबाईचा एकुलता एक मुलगा आशियाई स्पर्धेला विमानाने गेला.

तिथे काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

शर्यत दहा हजार मीटरची होती. मैदानाला पंचवीस फेऱ्या. पहिल्या काही फेऱ्या तो घोळक्यात होता, मग घोळका पुढे सरकला आणि तो एकटा राहिला. निम्मी शर्यत व्हायच्या आत पुढच्या जपानी पळणाऱ्यांनी त्याला एक अख्खी फेरी टाकून मागे काढलं. नंतर बाकीच्यांनीही. डिसेंबर असून हवा दमट होती, घाम वाळत नव्हता. पण त्याने नंतर कितीही वेळा आठवून पाहिलं तरी हवेचा दोष काढता आला नाही. छातीत दम होता. पाय चालत होते. अडचण झाली ती टाळ्यांची. सगळ्यांत मागे एकटाच पळतोय हे बघून प्रेक्षकांतली माणसं त्याला धीर द्यायला टाळ्या वाजवायला लागली. तो समोरून गेला की टाळ्या, वळण घेऊन आला की पुन्हा टाळ्या. लहान लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा घरातली माणसं वाजवतात तशा. जपानी पळणारे दुसऱ्यांदा मागून आले, त्यांच्या बुटांचा आवाज जवळ आला, आणि म्हाळूने मांडी धरली. दोन पावलं लंगडला आणि आतल्या गवतावर जाऊन बसला.

मांडीला काहीही झालं नव्हतं.

संघाचे डॉक्टर आले. त्यांनी मांडी दाबून विचारलं, "यहाँ?" म्हाळू म्हणाला, "हाँ." डॉक्टरांनी हात बराच खाली सरकवला, "यहाँ?" तो पुन्हा म्हणाला, "हाँ." डॉक्टरांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टी गुंडाळली. ती पट्टी त्याने न्हाणीघरात जाऊन सोडली. संध्याकाळी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून परत बांधायला घेतली, पण आता ती कोणत्या मांडीला होती ते त्याला क्षणभर आठवेना. त्या क्षणी त्याला स्वतःची जी किळस आली, ती पुढे बरीच वर्षं अधूनमधून येत राहिली.

दौंडात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की पाय दुखावला. "नशीब म्हणायचं," फोरमन म्हणाला आणि त्याला आठ दिवस हलकं काम दिलं. ते हलकं काम त्याला फार जड गेलं.

राहूमध्ये मात्र वेगळंच घडलं. सोसायटीचे चेअरमन मारुतराव यांच्याकडे पुण्याच्या पेपरातलं एक कात्रण होतं. 'आशियाई क्रीडास्पर्धा : भारत पाचवा' असा त्याचा मथळा. कुठल्या देशाने किती पदकं मिळवली त्याचा तो हिशोब होता आणि त्यात भारताचा नंबर पाचवा लागला होता. मारुतरावांनी मथळाच वाचला. माणूस खोटा नव्हता, घाईचा होता. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाल्यावर त्यांनी म्हाळूला स्टेजवर बोलावलं आणि कात्रण वर धरून गावाला सांगितलं,

"मंडळी, हे पेपरात आलंय! भारत पाचवा! आता भारत म्हंजी कोण? भारताकडनं आपल्या तालुक्यातनं कोण गेलं हुतं? आपला म्हाळू! सगळ्या आशिया खंडात पाचवा! बँकॉक काय जवळ हाय का, आन् तिथं जाऊन पाचवं येनं सोपं हाय का?"

पटांगणात टाळ्या पडल्या. म्हाळू उठला. तो सांगणारच होता. "न्हाई मालक, ते देशाचं हाय," एवढंच म्हणायचं होतं. पण त्याची नजर उजवीकडे गेली. स्टेजवर पाच खुर्च्या होत्या. पाचव्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. मारुतरावांच्या रानात पंचवीस वर्षं खुरपणाऱ्या, त्यांच्या ओट्याखाली उभं राहून मजुरी घेणाऱ्या साळूबाईला मारुतरावांनी स्वतः हाताला धरून खुर्चीवर बसवलं होतं आणि मांडीवर साडी-नारळ ठेवला होता. ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. समोर बौद्धवाड्यातली माणसं बसली होती, त्यात तिची मैत्रीण रंगुबाई होती, आणि साळूबाईने रंगुबाईला हळूच हात केला.

म्हाळूने हात जोडले आणि तो खाली बसला.

त्या दिवसापासून त्याच्या दोन गोष्टी झाल्या. दौंडात पाय दुखावलेला म्हाळू, राहूत पाचवा आलेला म्हाळू. मध्ये एसटीचा दीड-दोन तासांचा रस्ता. राहूचं कुणी दौंडला नोकरीला लागलं, शेडमधला कुणी राहूकडे लग्नाला निघाला, की हा त्याची वाट चुकवायचा. तो गावाला जाणं टाळायला लागला. गेला तर अंधार पडताना जायचा आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचा. बौद्धवाड्यातले वडीलधारे ज्योतिबाआप्पा, ज्यांनी छप्पन साली वस्तीतल्या माणसांना नागपूरला नेलं होतं, त्यांनी विहाराच्या भिंतीवर म्हाळूचा ब्लेझरमधला फोटो लावला. पळायला तो रोज जायचा, पण आता ते पळणं म्हणजे नुसती खोलीबाहेर पडायची सबब होती.

नोव्हेंबरात आनंदराव गुरुजी त्याला शोधत दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले. ते तळेगाव ढमढेऱ्याच्या हायस्कुलात खेळ शिकवायचे. आसपासच्या शाळांनी मिळून एक क्रीडा मंडळ केलं होतं, त्याच्या स्पर्धा शिरूरला व्हायच्या आणि गुरुजी त्याचे चिटणीस होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की राहूचा एक जण आशियात पाचवा आलाय.

"या वर्षी मुलींची आठशे मीटर ठेवलीय आम्ही. पहिल्यांदाच," गुरुजी म्हणाले. "मंडळात फार विरोध झाला. पोरींना झेपणार नाही म्हणाले. तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर वजन पडेल."

नाही म्हणायला म्हाळूला एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. तो गेला.

शिरूरच्या मैदानावर मांडव घातला होता, कर्णा लावला होता. गुरुजींनी सुरुवातीला भाषण केलं. आशियाई स्पर्धा एकावन्न साली दिल्लीत कशा सुरू झाल्या, मग मनिला, टोकियो, जकार्ता, बँकॉक, आणि गेल्या खेपेला कोरियाला जमेना म्हणून बँकॉकनेच दुसऱ्यांदा कशा भरवल्या, ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, "अठ्ठावीस सालच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. शर्यत संपल्यावर दोघी-चौघी दमून जमिनीवर टेकल्या. पुरुषही टेकतात. पण पेपरवाल्यांनी एवढी ओरड केली, की बायकांची ती शर्यतच बंद झाली. पुन्हा कधी सुरू झाली? साठ साली. बत्तीस वर्षांनी. आपण शिरूरला ती आज सुरू करतोय."

सहा मुली होत्या. मैदान लहान, चार फेऱ्या. अनवाणीच होत्या सगळ्या, परकर वर खोचलेले. तळेगावची पार्वती, सोळा वर्षांची, उंच, गुरुजींची सगळी भिस्त तिच्यावर. बंदूक नव्हती, शिट्टी झाली. पार्वती पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे पळाली, फार जोरात पळाली. म्हाळूला तिथेच कळलं की हिचं चुकलं. तिसऱ्या फेरीत एकीने तिला गाठलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पार्वतीने घोटा धरला, लंगडली आणि मैदानातच बसली.

म्हाळूच्या शेजारी मंडळाचे अध्यक्ष बसले होते. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "बघा. आम्ही म्हणत होतो ते काय खोटं होतं? तुमच्यासारख्याने असं केलं असतं का कधी?"

आणि त्यांनी ध्वनिक्षेपक म्हाळूच्या हातात दिला.

त्याला गोड बोलून सुटता आलं असतं. पण अध्यक्षांचा तो प्रश्न ऐकून तो भ्याला होता. वाटलं, या माणसाला सगळं माहीत आहे. आपण जेवढं कडक बोलू तेवढा कुणाला संशय येणार नाही, असं काहीतरी त्याच्या मनात झालं, आणि तो बोलला.

"ह्या पोरीच्या पायाला काय बी झालेलं न्हाई. मी इथनं बघितलंय. पहिल्यांदा ही उजव्या पायानं लंगडली, मग डाव्या. ज्याचा पाय खरा दुखतो त्याला कुठला दुखतोय ते इसरत न्हाई. हे सोंग हाय. असली सोंगं करायची असतील तर मैदानात उतरूच नये मान्सानं."

सगळा मांडव हसला. पोरं लंगडून दाखवायला लागली. पार्वती उठली, कुठेही न लंगडता मैदानाच्या बाहेर चालत गेली, आणि हसू आणखी वाढलं. आनंदराव गुरुजी खाली मान घालून कागद चाळत होते. जाताना त्यांनी म्हाळूला नमस्कार केला, पण चहाला थांबा म्हणाले नाहीत.

डिसेंबरात लढाई लागली. दौंडवरून फौजेच्या गाड्या सुटायच्या, शेडला उसंत नव्हती, आणि म्हाळूला ते बरंच वाटलं. लढाई थांबली आणि एका रविवारी गुरुजी पुन्हा आले. खोलीत बसलेही नाहीत, दारात उभे राहूनच बोलले.

"मंडळाची सभा झाली. मुलींची आठशे मीटर पुढच्या वर्षापासून बंद. ठरावात लिहिलंय, आशियाई स्पर्धेतल्या खेळाडूनेही हेच मत दिलं. मी म्हटलं तुम्हाला कळवावं."

"मी असं म्हटलं न्हाई गुरुजी. पोरींनी पळू नये असं न्हाई म्हटलं मी."

"तुम्ही काय म्हणालात ते चारशे माणसांनी ऐकलंय."

"आन् ती पोरगी?"

"शाळेत येत नाही. पोरं रस्त्यात लंगडून दाखवतात." गुरुजींनी चौकटीला हात टेकवला. "तुमचं बघणं बरोबर होतं, म्हाळूराव. तिने सोंगच केलं होतं. मला म्हणाली ती. पण तुम्हाला ते एवढ्या लांबून कसं दिसलं, याचा मी विचार करतोय."

गुरुजी निघून गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो तळेगावला गेला. पार्वतीचे वडील खंडू माळी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून मेथी आणि कांदापात विकत बसले होते. शेजारी पार्वती जुड्या बांधत होती. म्हाळूला बघून तिने मान फिरवली. खंडूंनी ओळखलं आणि म्हणाले, "काय पाव्हणं, भाजी पायजे का?"

"तुमच्या पोरीशी बोलायचंय. तुमच्यासमोरच."

"बोलून झालंय की तुमचं. कर्ण्यावरनं."

गिऱ्हाइकं येत-जात होती. म्हाळू पोत्यासमोर उकिडवा बसला. घरून निघताना बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"तू पाय बदलून लंगडलीस ते मला दिसलं," तो पार्वतीला म्हणाला, "कारन मी बी तेच केलंय. बँकॉकात. माझा पाय दुखावला नव्हता. लोक टाळ्या वाजवत हुते ते मला सोसंना, म्हणून मी मांडी धरून बसलो."

पार्वतीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मग पाचवं कसं आलात?"

"मी न्हाई आलो. देश आला पाचवा. गावानं चुकून मला म्हटलं आन् मी गप बसलो."

खंडूंनी तराजू खाली ठेवला. कुणीतरी मेथीचा भाव विचारत होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पार्वतीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी, घिणीसारखं. म्हाळूला वाटलं ती थुंकणार.

"हे तुम्ही मला हितं येऊन सांगताय," ती म्हणाली. "मेथीच्या पोत्यापुढं. मला बोलला तवा कर्णा हुता. तिथं सांगा."

"सांगतो."

"कवा?"

"बक्षीस समारंभ राहिलाय अजून. लढाईमुळं पुढं गेलाय. तवा."

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

शिरूरच्या आधी आईला सांगणं भाग होतं, कारण शिरूरला बोललेलं राहूला पोचायला दोन दिवस पुरे होते. त्या वेळी तो भर दुपारी गावात गेला. साळूबाई दारात तूर झोडपत होती. त्याने तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि सगळं सांगितलं, मांडी धरल्यापासून खुर्चीपर्यंत.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हंजी मला खुर्चीवर बसवलं ते कशापायी?"

"आये, मी सांगनारच हुतो. पण तू बसली हुतीस."

"माझ्यावर नको ढकलूस." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी म्हटलं हुतं का मला खुर्ची पायजे? मी जन्मभर भुईवरच बसले. ती भुई तरी माझी हुती. वरीसभर मी रानात बायांना सांगते, माझा म्हाळू पाचवा आला. त्या म्हणत्यात, साळूबाई, पुन्यांदा सांगा. मी पुन्यांदा सांगते. अरं, मला काय केलंस तू?"

त्याने तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले.

ज्योतिबाआप्पा आले. त्यांनी ऐकून घेतलं, विहारात गेले आणि भिंतीवरचा फोटो काढून आणून म्हाळूच्या हातात दिला. "तू हरलास त्याचं कायबी न्हाई," ते म्हणाले. "पळताना मानूस हरतंय. पण आता ते म्हन्तील, ह्या लोकांचं असंच. तुला एकट्याला न्हाई म्हणनार. आपल्या सगळ्यांस्नी म्हन्तील. ह्याचा इचार केला हुतास का?"

केला नव्हता, असं नाही. रोज केला होता आणि रोज गप्प बसला होता.

साळूबाई घरात गेली. सव्वीस जानेवारीची साडी तिने पेटीतून काढली. एकदाही नेसली नव्हती. ती घेऊन ती एकटी मारुतरावांच्या घरी गेली. म्हाळू मागे निघाला तर तिने हातानेच त्याला थांबवलं. तिथे काय झालं ते त्याला रंगुबाईने नंतर सांगितलं. मारुतराव कसनुसे झाले होते. "राहू द्या हो साळूबाई, वाचताना मीच चुकलो," असं म्हणत होते. साळूबाईने साडी ओट्यावर ठेवली, "तुम्ही चुकला, त्यो न्हाई चुकला, त्यो गप बसला," म्हणाली आणि माघारी आली. त्या संध्याकाळी तिने म्हाळूला भाकरी वाढली, पण त्याच्याशी बोलली नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शिरूरला बक्षीस समारंभ झाला. अध्यक्षांनी म्हाळूला बोलावलं नव्हतं. पण म्हाळूने आधीच जाऊन आनंदराव गुरुजींना सगळं सांगितलं होतं, त्यांनी आपल्या भाषणाच्या वेळात त्याला उभं केलं. मांडव तोच होता, माणसंही बरीचशी तीच. मागे, सायकली लावल्या होत्या तिथे, खंडू माळी आणि पार्वती उभे होते.

"मी आशियात पाचवा आलो न्हाई," म्हाळू म्हणाला. कर्णा खरखरला. "मी शर्यत पुरी केली न्हाई. पाय धडधाकट असताना लंगडायचं सोंग करून बसलो. नोव्हेंबरात ह्याच जागेवर मी एका पोरीला बोललो. तिनं जे केलं ते मीच केलं हुतं, आन् ती तर सोळा वर्षांची हाय."

"मग पाचवा कोण?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. अध्यक्ष उठून ध्वनिक्षेपकाकडे यायला लागले. म्हाळूने दांडा घट्ट धरला.

"ठरावात माझं नाव घातलंय म्हणून बोलतो. मी बँकॉकात बसलो, पण त्यामुळं गड्यांची दहा हजार मीटर कुनी बंद केली न्हाई. ती चालूच हाय. मग हिच्यामुळं पोरींची शर्यत का बंद करायची? माझं नाव काढा त्यातनं."

एवढंच. टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक घेतला आणि पुढच्या बक्षिसाचं नाव पुकारलं. म्हाळू खाली उतरून मागे गेला तेव्हा खंडू माळी सायकल वळवत होते. पार्वती बापाच्या पलीकडे उभी होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली की नाही ते त्याला नीट कळलं नाही, आणि ती निघून गेली. परतताना न्हावऱ्याच्या एसटीत त्याला मांडवातली दोन पोरं भेटली. उतरताना ती मुद्दाम लंगडत उतरली.

दौंडातही गोष्ट पोचली. फोरमनने त्याला बोलावून विचारलं, "पाय दुखावला नव्हता?" तो म्हणाला, "न्हाई साहेब." फोरमन म्हणाला, "आठ दिवस हलकं काम घेतलंस." बस्स. पुढच्या वर्षी रेल्वेच्या संघात त्याचं नाव नव्हतं. वय झालं म्हणून की यामुळे, ते कुणी सांगितलं नाही.

आनंदराव गुरुजींचं एक कार्ड आलं. ठराव एका मताने फिरला होता, मुलींची आठशे मीटर राहिली होती. पण बहात्तर साली पाऊस झाला नाही. मैदानं कोरडी, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, स्पर्धा भरल्याच नाहीत. त्र्याहत्तरला भरल्या तेव्हा तळेगावच्या तीन पोरी पळाल्या आणि त्यांतली एक पहिली आली. पार्वती त्यांत नव्हती. त्या उन्हाळ्यात खंडूंनी तिचं लग्न करून दिलं होतं. गुरुजींनी दुसऱ्या कार्डात तेवढंच कळवलं होतं, दुसरं काही लिहिलं नव्हतं. म्हाळूने उत्तरासाठी कार्ड आणलं, पत्ता लिहिला आणि पुढे त्याला काही सुचलं नाही.

साळूबाई गावातच राहिली. वस्तीतली माणसं आधी तिला टाळायची, मग टाळायची बंद झाली. मारुतरावांच्या रानात ती पूर्वीसारखी खुरपायला जात होती. म्हाळू दर महिन्याला गावी जायचा, आता उजेडी जायचा. ती त्याला जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. वरचं बोलणं तिने सोडलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात तिचे डोळे दाखवायला तो तिला दौंडला घेऊन आला. कॉलनीतल्या शेजाऱ्याच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. तेहरानला आशियाई स्पर्धा चालल्या होत्या. कुठला भारतीय कितवा आला ते सांगत होते. साळूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला धड दिसत नव्हतं, हातानेच खडा चाचपत होती.

"हेच का ते, तू गेला हुतास ते?" तिने विचारलं.

"हेच. गाव निराळं."

त्या दुपारनंतर पावणेतीन वर्षांत तिने ती गोष्ट पहिल्यांदाच काढली होती. म्हाळू हातातली बादली खाली ठेवून उभा राहिला.

"तू बसलास तवा किती राहिलं हुतं?"

"आठ फेऱ्या."

"आठ फेऱ्या म्हंजी किती?"

त्याने मनात मोजलं. "आपल्या वस्तीपास्नं नदीवर जायचं आन् माघारी यायचं, येवढं."

साळूबाईचा हात सुपात थांबला. ते अंतर ती डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन चालायची, आठवड्यातून तीनदा, म्हाळू पोटात होता तेव्हासुद्धा.

"येवढंच?" ती म्हणाली.

"व्हय, आये," म्हाळू म्हणाला. "येवढंच."

तिने सूप त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मला दिसंना. खडे तू बघ."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तांदूळ निवडायला लागला.